रक्तपेढीच्या दारात डासांचे विषाणू

डेंग्यू, चिकुनगुन्या, झिका हे आजार डास चावल्याने होतात, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. मात्र हेच विषाणू एकही डास न चावता, रक्ताच्या पिशवीतून रुग्णाच्या शरीरात शिरू शकतात, याची जाणीव फारशी नाही. गेल्या पाव शतकात अमेरिका, फ्रान्स, सिंगापूर, ब्राझील अशा अनेक देशांना याचा अनुभव आला. कोणी तपासणी सुरू केली, कोणी काही काळ रक्तसंकलनच थांबवले, तर कोणी खर्चाचा हिशेब मांडून सुरू केलेली तपासणी बंद केली. दरवर्षी पावसाळ्यात डेंग्यूला तोंड देणाऱ्या आणि त्याच काळात प्लेटलेट्ससाठी धावपळ करणाऱ्या आपल्या राज्याने या संशोधनाकडे लक्ष देणे अगत्याचे आहे.

दंशाविना लागण

डासाने चावा घेतल्यावर विषाणू शरीरात वाढू लागतो आणि काही दिवसांतच रक्तात उतरतो. रक्तात विषाणू असण्याचा हा काळ साधारणपणे काही दिवसांचा, फार तर आठवड्याचा असतो. डेंग्यूमध्ये ताप येण्याच्या एक-दोन दिवस आधीच विषाणू रक्तात आलेला असतो. म्हणजे आज रक्तदान करणाऱ्या आणि परवा तापाने अंथरूण धरणाऱ्या माणसाच्या रक्तात दानाच्या वेळीही विषाणू असू शकतो. त्याला स्वतःला त्याची काहीच कल्पना नसते.

याहून अवघड प्रश्न आहे तो लक्षणेच न दिसणाऱ्या दात्यांचा. वेस्ट नाइल आणि झिका या विषाणूंची लागण झालेल्या दर पाच जणांपैकी सुमारे चौघांना कोणताही त्रास होत नाही. डेंग्यूच्या बहुसंख्य लागणीही लक्षणांविना किंवा किरकोळ तापावर निभावतात. चिकुनगुन्याचे मात्र तसे नाही. त्यात बहुतेकांना ताप येतो आणि सांधे धरतात, त्यामुळे दात्याला विचारलेल्या प्रश्नांतूनच बरेचसे बाधित वगळले जातात. दाता निवडताना त्याचे तापमान, वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन पाहिले जाते, अलीकडच्या आजारांची चौकशी होते. लक्षणे नसलेला बाधित दाता या सर्व कसोट्यांना उतरतो.

दान केलेले रक्त एकाच रुग्णाला दिले जाते असेही नाही. एका पिशवीतून लाल पेशी, प्लेटलेट्स आणि प्लाझ्मा वेगळे केले जातात आणि ते तीन निरनिराळ्या रुग्णांपर्यंत जाऊ शकतात. लाल पेशी शीतकपाटात ३५ ते ४२ दिवस टिकतात, तर प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस. शीतकपाटातील थंडीने विषाणू मरत नाहीत. रक्त घेणारे रुग्णही सहसा दुबळे असतात. कर्करोगाचे उपचार घेणारे, अवयव प्रत्यारोपण झालेले, गर्भवती स्त्रिया, दर काही आठवड्यांनी रक्त लागणारी थॅलेसेमियाची मुले यांना साध्या लागणीचाही फटका बसू शकतो.

अमेरिकेला मिळालेला धडा

वेस्ट नाइल विषाणू १९३७ मध्ये युगांडात प्रथम सापडला. आफ्रिका, पश्चिम आशिया आणि भारतातही त्याचे अस्तित्व होते. १९५२ मध्ये मुंबईतील रहिवाशांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली होती. पक्ष्यांच्या शरीरात वाढणारा आणि मुख्यतः क्युलेक्स डासांमार्फत माणसापर्यंत येणारा हा विषाणू १९९९ मध्ये अचानक न्यूयॉर्कमध्ये उगवला. आधी शहरातील कावळे मरून पडू लागले, पाठोपाठ वृद्धांमध्ये मेंदूज्वराचे रुग्ण दिसले. त्या वर्षी ६२ रुग्ण आढळले आणि सात जण दगावले. पुढील तीन वर्षांत विषाणू देशभर पसरला. २००२ मध्ये अमेरिकेत ४,१५६ रुग्णांची नोंद झाली आणि २८४ मृत्यू झाले.

त्याच उन्हाळ्यात जॉर्जिया राज्यात एका मृत दात्याचे अवयव चार रुग्णांना बसवण्यात आले. काही दिवसांत चौघेही आजारी पडले. तिघांना मेंदूज्वर झाला आणि त्यांपैकी एकाचा मृत्यू झाला. तपासात चौघांतही वेस्ट नाइल विषाणू आढळला. अवयवदात्याला मृत्यूपूर्वी उपचार म्हणून पुष्कळ रक्त आणि रक्तघटक देण्यात आले होते. रक्त देण्यापूर्वी घेतलेल्या त्याच्या नमुन्यात विषाणू नव्हता, अवयव काढतेवेळच्या नमुन्यात मात्र होता. तो विषाणू त्याला मिळालेल्या रक्तातूनच आला असावा, असा निष्कर्ष निघाला. त्याच्यासाठी वापरलेले रक्त आणि रक्तघटक तब्बल ६३ जणांनी दिलेले होते.

यानंतर देशभर शोध सुरू झाला. २००२ च्या साथीत रक्तातून विषाणूची लागण झालेले २३ रुग्ण निश्चित करण्यात आले आणि त्यांचा माग १६ रक्तदात्यांपर्यंत पोहोचला. लाल पेशी, प्लेटलेट्स आणि प्लाझ्मा या तिन्ही घटकांतून लागण झाल्याचे दिसले. डासांमुळे पसरणारा हा विषाणू रक्तामार्फतही पसरतो, यात संशय उरला नाही.

सोळा नमुन्यांची एक चाचणी

एचआयव्ही किंवा कावीळ शोधताना पूर्वापार प्रतिपिंडांची किंवा विषाणूच्या प्रथिनांची चाचणी केली जाते. वेस्ट नाइलच्या बाबतीत प्रतिपिंडांचा उपयोग नव्हता, कारण प्रतिपिंडे तयार होईपर्यंत रक्तातील विषाणू ओसरू लागलेला असतो. ज्या रक्तापासून सर्वाधिक धोका, त्यातच प्रतिपिंडे नसतात. त्यामुळे विषाणूचे जनुकीय द्रव्य थेट शोधणारी न्यूक्लिक अ‍ॅसिड चाचणी, म्हणजेच ‘नॅट’, हाच मार्ग होता. अमेरिकेतील औषध नियंत्रक, चाचणी-संच बनविणाऱ्या कंपन्या आणि रक्तपेढ्या यांनी वर्षभराच्या आत ही चाचणी उभी केली. जुलै २००३ पर्यंत देशभरातील रक्ताची तपासणी सुरू झाली होती. प्रारंभी ती संशोधनाचा भाग म्हणून चालली. पहिल्या चाचणीला रीतसर परवाना मिळाला तो डिसेंबर २००५ मध्ये.

प्रत्येक पिशवीची स्वतंत्र चाचणी महाग पडते. म्हणून सहा किंवा सोळा दात्यांचे थोडेथोडे नमुने एकत्र करून एकच चाचणी केली जाई. ती नकारात्मक आली की सर्व पिशव्या मोकळ्या. होकारार्थी आली तर प्रत्येक नमुना वेगळा तपासून बाधित पिशवी शोधायची. यात पैसे वाचतात, पण एक उणीव राहते. बाधित दात्याच्या रक्तात विषाणू अगदी थोडे असतील, तर इतरांच्या नमुन्यांत मिसळल्यावर ते चाचणीच्या नजरेतून निसटतात. २००३ मध्ये अशा निसटलेल्या रक्तातून सहा रुग्णांना लागण झाल्याचे आढळले.

त्यावर शोधलेला उपाय पुढे इतरत्रही आदर्श ठरला. एरवी एकत्रित नमुने तपासायचे, मात्र एखाद्या भागात बाधित दाते दिसू लागताच तेथे तात्काळ प्रत्येक पिशवीची स्वतंत्र चाचणी सुरू करायची. साथ ओसरली की पुन्हा एकत्रित पद्धत. अमेरिकन रेड क्रॉसच्या २००३ आणि २००४ मधील नोंदींत बाधित आढळलेल्या ५४० रक्तदानांपैकी ३६२ मध्ये प्रतिपिंडे नव्हती, म्हणजे ती रुग्णाला लागण करण्याची दाट शक्यता होती. ही तपासणी नसती तर त्या पिशव्या रुग्णालयांत पोहोचल्या असत्या.

बेटावरचे संकलन थांबले

हिंदी महासागरातील रीयुनियन हे फ्रान्सचे बेट. २००५-०६ मध्ये तेथे चिकुनगुन्याची प्रचंड साथ आली. पावणेआठ लाखांच्या आसपास लोकवस्तीच्या या बेटावर सुमारे २ लाख ६६ हजार लोकांना, म्हणजे दर तिघांतील एकाला लागण झाली. जानेवारी २००६ मध्ये फ्रान्सच्या रक्तसेवेने बेटावरील रक्तसंकलन थांबवले आणि लाल पेशी व प्लाझ्मा थेट फ्रान्समधून विमानाने आणण्यास सुरुवात केली.

प्लेटलेट्सचा प्रश्न मात्र असा सुटणारा नव्हता. पाच दिवस टिकणारी वस्तू हजारो किलोमीटरवरून नियमित आणणे अवघड. म्हणून प्लेटलेट्स बेटावरच गोळा करून त्यांची विषाणू-चाचणी करण्यात आली. शिवाय अमोटोसॅलेन हे रसायन मिसळून त्यांवर अतिनील किरण सोडण्यात आले. ही प्रक्रिया विषाणूच्या जनुकीय द्रव्याला जखडून टाकते, त्यामुळे त्याची वाढ होऊ शकत नाही. विशेष म्हणजे कोणता विषाणू आहे हे आधी ठाऊक नसले तरी ती उपयोगी पडते. प्लेटलेट्स आणि प्लाझ्मासाठी हे तंत्र आज अनेक देशांत वापरले जाते. लाल पेशींसाठी तितके रुळलेले तंत्र अद्याप नाही, हीच त्याची मर्यादा.

२००७ मध्ये इटलीच्या एमिलिया-रोमान्या प्रांतात दोनशेहून अधिक लोकांना चिकुनगुन्या झाला. युरोपच्या समशीतोष्ण भागातील ही पहिली स्थानिक साथ. तिचा उगम केरळहून आलेल्या एका पाहुण्यापर्यंत पोहोचला. बाधित भागातील रक्तदान काही काळ थांबवावे लागले आणि प्रांताच्या रक्तपुरवठ्याचे गणित कोलमडले. एका प्रवाशामुळे दूरदेशीच्या रक्तपेढीची व्यवस्था ढासळू शकते, हे युरोपला तेव्हा उमगले.

डेंग्यू : पुरावा आणि प्रश्न

डेंग्यू हा या सर्वांत मोठा आजार. रक्तातून त्याची लागण झाल्याची नोंद २००२ मध्ये हाँगकाँगला झाली. २००७ मध्ये सिंगापूरला एका दात्याचे रक्त तीन रुग्णांना दिले गेले. लाल पेशी आणि प्लाझ्मासह तीन घटक, तीन रुग्ण. दोघांना डेंग्यूचा ताप आला. तिसऱ्याला लक्षणे नव्हती, परंतु त्याच्या रक्तात लागणीचा पुरावा मिळाला.

प्रत्यक्षात असे किती वेळा घडते? या प्रश्नाचे सर्वात पद्धतशीर उत्तर ब्राझीलमधून आले. २०१२ च्या साथीत रिओ दी जानेरो आणि रेसिफे या शहरांतील रक्तपेढ्यांत साठवलेले नमुने नंतर तपासण्यात आले. रिओमध्ये ०.५१ टक्के, तर रेसिफेत ०.८० टक्के रक्तदानांत डेंग्यूचा विषाणू सापडला. बाधित रक्त मिळालेल्या आणि आधी प्रतिकारशक्ती नसलेल्या १६ रुग्णांपैकी सहा जणांना लागण झाली, म्हणजे प्रमाण तिघांत एकाहून थोडे अधिक. परंतु बाधित रक्त मिळालेले रुग्ण आणि न मिळालेले रुग्ण यांच्या प्रकृतीत ठळक फरक आढळला नाही.

हा निष्कर्ष दोन्ही बाजूंनी वाचता येतो. रक्तातून डेंग्यू पसरतो, हे त्यातून सिद्ध होते. पण रुग्णालयातील आजारी माणसाला आलेला ताप रक्तामुळे, मूळ आजारामुळे की खिडकीतून आलेल्या डासामुळे, हे ओळखणे किती कठीण आहे, हेही त्यातून दिसते. ज्या शहरात डास सर्वत्र आहेत, तेथे रक्तातून झालेली लागण सहसा डासाच्याच खात्यावर जमा होते. नोंदी थोड्या दिसतात याचे हे एक मोठे कारण आहे.

झिका आणि तपासणीची किंमत

१९४७ मध्ये युगांडातील झिका जंगलात माकडाच्या रक्तात सापडलेला विषाणू अनेक दशके दुर्लक्षित होता. २०१३-१४ मध्ये फ्रेंच पॉलिनेशियात त्याची साथ आली, तेव्हा तपासलेल्या १,५०५ रक्तदात्यांपैकी ४२ जणांच्या रक्तात तो आढळला. दान करताना हे सर्व जण ठणठणीत होते. पुढे ब्राझीलमध्ये झिका आणि नवजात अर्भकांचे डोके लहान राहण्याचा विकार यांचा संबंध समोर आला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी जाहीर केली. गर्भवती स्त्रीला बाधित रक्त दिले गेले तर काय, हा प्रश्न प्रत्येक रक्तपेढीपुढे उभा राहिला.

अमेरिकेच्या ताब्यातील पोर्तो रिको बेटावर मार्च २०१६ मध्ये बाहेरून रक्त आणण्यात आले आणि एप्रिलपासून चाचणी सुरू झाली. पहिल्या दहा आठवड्यांत १२,७७७ पैकी ६८ रक्तदाने बाधित असल्याचे दिसले. शेवटच्या आठवड्यात हे प्रमाण एक टक्क्यावर गेले होते. ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेच्या सर्व राज्यांत प्रत्येक पिशवीची झिकासाठी स्वतंत्र तपासणी बंधनकारक झाली.

तिचा ताळेबंद २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकन रेड क्रॉसने ४३ लाखांहून अधिक रक्तदाने तपासली आणि बाधित म्हणून निश्चित झाली केवळ नऊ. प्रत्येक बाधित पिशवी शोधण्याचा खर्च सुमारे ५३ लाख डॉलर आला. त्याच वर्षी एकत्रित नमुन्यांच्या चाचणीला परवानगी देण्यात आली आणि मे २०२१ मध्ये झिकाची सक्ती मागे घेण्यात आली. वेस्ट नाइल दरवर्षी परत येतो, म्हणून त्याची तपासणी तेथे कायम राहिली.

भारतात काय?

आपल्याकडे या विषाणूंची ओळख जुनी आहे. १९५२ मध्ये पुण्यात स्थापन झालेली विषाणू संशोधन संस्था, म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, प्रामुख्याने कीटकजन्य विषाणूंच्या अभ्यासासाठीच उभी राहिली. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत चिकुनगुन्याची साथ येऊन गेली. नंतर तीन दशके तो जवळपास विस्मृतीत गेला. २००६ मध्ये देशात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्णांची नोंद झाली. या नव्या साथीतील आफ्रिकी प्रकारचा विषाणू पुणे जिल्ह्यातील यवत येथे २००० सालीच डासांमध्ये सापडला होता. झिकाचा राज्यातील पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे आढळला आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुणे शहरात त्याचे रुग्ण सापडले. डेंग्यूचे २०२३ या एका वर्षात देशात २ लाख ८९ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले.

रक्ताच्या बाबतीत कायद्याने बंधनकारक चाचण्या पाच आजारांच्या आहेत : एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, गुप्तरोग (सिफिलिस) आणि हिवताप. त्यांपैकी डासांमुळे होणारा आजार एकच, हिवताप, आणि तो विषाणूजन्य नाही. काही मोठ्या रक्तपेढ्या ‘नॅट’ चाचणी करतात, पण ती एचआयव्ही आणि दोन्ही काविळींसाठी असते. त्यामुळे पिशवीवर ‘नॅट तपासलेले’ असा शिक्का असला, तरी त्याचा अर्थ डेंग्यू किंवा झिका तपासला असा होत नाही.

मग भारतानेही सर्व रक्त या विषाणूंसाठी तपासावे काय? उत्तर सरळ नाही. अमेरिकेत वेस्ट नाइल नवा होता, तर डेंग्यू येथे मुरलेला आहे. मोठ्या शहरांतील अनेक प्रौढांना तो नकळत होऊन गेलेला असतो. डासांपासून होणाऱ्या लाखो लागणींपुढे रक्तातून होणाऱ्या लागणी थोड्या असणार. तोच पैसा एचआयव्ही आणि काविळीची ‘नॅट’ चाचणी सर्वत्र नेण्यासाठी किंवा डास-निर्मूलनासाठी खर्चला तर अधिक जीव वाचतील, हा युक्तिवाद सहज बाजूला सारता येत नाही. परंतु सर्वांसाठी तपासणी परवडत नाही, म्हणून कोणासाठीच काही करू नये, असेही नाही. साथीच्या काळात गर्भवती, प्रत्यारोपणाचे रुग्ण आणि थॅलेसेमियाची मुले यांच्यासाठी राखीव, तपासलेला साठा ठेवणे हा मधला मार्ग आहे. झिकाच्या साथीत काही देशांनी गर्भवतींसाठी तो अवलंबिला.

येथे एक गोष्ट खास आपली आहे. पावसाळ्यात डेंग्यूच्या रुग्णाला प्लेटलेट्सची गरज भासते, तेव्हा नातेवाईकांना दाता आणण्यास सांगितले जाते. मग भाऊ, मुलगा, शेजारी धावत येतात. पण एडिस डास घरातच, फार तर आसपास वावरतो. एका घरात एक जण डेंग्यूने आजारी पडला, तर त्याच डासांनी इतरांनाही चावा घेतलेला असण्याची शक्यता असते. म्हणजे ज्या दात्याच्या रक्तात विषाणू असण्याचा संभव अधिक, तोच घाईघाईने रक्तपेढीत येतो. नियमित, ऐच्छिक रक्तदात्यांवर उभी असलेली रक्तपेढी या कारणासाठीही अधिक सुरक्षित ठरते.

रक्तदात्याने लक्षात ठेवावे

* डेंग्यू किंवा चिकुनगुन्या झाला असल्यास पूर्ण बरे झाल्यानंतर सहा महिने आणि झिका झाला असल्यास चार महिने रक्तदान करू नये, असे राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे (२०१७) सांगतात.

* घरात किंवा शेजारी डेंग्यूचा रुग्ण असेल, तर ते रक्तपेढीतील डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

* अंग मोडून आल्यासारखे वाटत असेल, कणकण असेल, तर त्या दिवशी रक्तदान टाळावे. शिबिरात नाव नोंदवले म्हणून संकोच करू नये.

* रक्तदानानंतर दोन आठवड्यांत ताप, पुरळ किंवा सांधेदुखी झाली तर रक्तपेढीला लगेच दूरध्वनी करावा. पिशवी वापरली नसेल तर ती बाजूला काढता येते. वापरली असेल तर रुग्णाच्या डॉक्टरांना सावध करता येते.

* रक्तदान केल्याने दात्याला यांपैकी कोणताही आजार होत नाही, कारण प्रत्येकासाठी नवी, निर्जंतुक सुई वापरली जाते.

यातील दूरध्वनीचा मुद्दा सर्वात स्वस्त आणि बहुधा सर्वात दुर्लक्षित आहे. त्यासाठी यंत्र लागत नाही. लागते ती दात्याला दिलेली एक चिठ्ठी, तिच्यावर चालू असलेला क्रमांक आणि दुसऱ्या टोकाला पिशवीचा माग काढू शकेल असा माणूस. लाल पेशी महिनाभराहून अधिक काळ साठवल्या जातात. त्यामुळे दात्याला चार दिवसांनी ताप आला, तरी त्याच्या रक्ताची पिशवी तोवर शीतकपाटात असण्याची शक्यता बरीच असते. शिबिरांमध्ये प्रमाणपत्र आणि भेटवस्तू आठवणीने दिल्या जातात. त्यांच्यासोबत ही चिठ्ठीही दिली जावी आणि दात्यांनीही ती जपून ठेवावी. प्रत्येक पिशवी तपासण्याची ऐपत येईपर्यंत रुग्ण आणि विषाणू यांच्यामध्ये उभा राहू शकणारा रक्षक दाताच आहे.